अ‍ॅम्बॅसडरचा ‘डेल्को’ एमजीला चालेल का?

जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचा डिस्ट्रिब्युटर बदलायची वेळ आली की मुंबईतल्या मालकासमोर तीन-चार वाटा असतात. त्यातली सगळ्यात सोपी आणि स्वस्त वाट कधी कधी पिस्टन जाळते. निवड करताना नेमकं काय बघायचं?

वर्सोव्यासारख्या समुद्राकाठच्या वस्तीत कुठलीही गाडी गंजाशी भांडतच जगते. चार महिने पाऊस, उरलेले आठ महिने खारा वारा. नव्या गाडीला ते फारसं जाणवत नाही, कारण तिचं इग्निशन सीलबंद कॉइल आणि कॉम्प्युटरवर चालतं. पण इमारतीखालच्या पार्किंगमध्ये साठ-पासष्ट वर्षांपूर्वीची एमजीए किंवा एमजीबी झाकून ठेवलेली असेल, तर एखाद्या ऑक्टोबरात ती सुरू करताना इंजिन ‘मिसिंग’ करू लागतं, पिकअप जातो, सायलेन्सरमधून फटाके फुटतात. मेकॅनिक बॉनेट उघडतो, काळी टोपी काढतो, आतला शाफ्ट दोन बोटांत धरून हलवतो आणि निदान करतो : डेल्को गेला.

‘डेल्को’ म्हणजे डिस्ट्रिब्युटर. हा शब्द आपल्याकडच्या गॅरेजांत इतका रुळला आहे की ते एका कंपनीचं नाव आहे हे फार थोड्यांना ठाऊक असतं. चार्ल्स केटरिंग या अमेरिकी इंजिनिअरने १९०९ मध्ये डेटन शहरात ‘डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी’ काढली. तिच्या आद्याक्षरांवरून ‘डेल्को’ झालं. बॅटरी, कॉइल आणि कॉन्टॅक्ट पॉइंट यांच्यावर चालणारी इग्निशनची जी पद्धत पुढे सत्तर वर्षं जगभरच्या मोटारींत राहिली, ती याच केटरिंगची. आपल्याकडे फियाट असो, अ‍ॅम्बॅसडर असो की जीप, डिस्ट्रिब्युटर कुणीही बनवलेला असला तरी तो डेल्कोच.

डेल्को गेला हे निदान बऱ्याचदा बरोबर असतं. पुढचा सल्ला मात्र तपासून घ्यावा लागतो. तो सहसा असा असतो : ‘अ‍ॅम्बॅसडरचा टाकू, सेम आहे.’

‘सेम आहे’ यात तथ्य किती?

बरंच आहे, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

हिंदुस्तान मोटर्सची अ‍ॅम्बॅसडर ही मूळची ब्रिटनची मॉरिस ऑक्सफर्ड, तिसरी मालिका. १९५९ पासून तिच्यात १४८९ सीसीचं ओव्हरहेड व्हॉल्व्ह इंजिन आलं. हे इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या ‘बी-सिरीज’ घराण्यातलं. एमजीए ही स्पोर्ट्स कार १९५५ मध्ये बाजारात आली तेव्हा तिच्या बॉनेटखाली याच घराण्यातलं, याच १४८९ सीसीचं इंजिन होतं. १९६२ मध्ये आलेल्या एमजीबीत तेच वाढवून १७९८ सीसीचं केलं. म्हणजे एकीकडे सरकारी कचेरीच्या आवारातली पांढरी अ‍ॅम्बॅसडर आणि दुसरीकडे दोन सीटची उघडी एमजी, दोघी चुलत बहिणी. सुट्या भागांसाठी ही मोठीच सोय आहे. भारतातल्या एमजीवाल्यांना अ‍ॅम्बॅसडरच्या भागांनी कित्येकदा तारलं आहे.

डिस्ट्रिब्युटरही त्याच घराण्यातले. एमजीएवर लुकास कंपनीचा ‘डीएम२’ असे, एमजीबीवर ‘२५डी४’ आणि सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून ‘४५डी४’. हे सगळे इंजिनाच्या एकाच भोकात बसतात. खालचा ड्राइव्ह डॉग थोडा एका बाजूला सरकवलेला असतो, त्यामुळे तो उलटा बसूच शकत नाही. फायरिंग ऑर्डर १-३-४-२, रोटर वरून बघता घड्याळाच्या उलट दिशेने फिरणारा. लुकास आणि टीव्हीएस यांनी १९६१ मध्ये तेव्हाच्या मद्रासेत भागीदारीत कंपनी काढली आणि लुकासच्या धाटणीचं विजेचं सामान इथेच बनू लागलं. त्यामुळे कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा चोर बाजारात अ‍ॅम्बॅसडरचा जुना डिस्ट्रिब्युटर मिळाला, तर तो एमजीच्या इंजिनात बहुतेकदा सरळ बसतो. गाडी सुरू होते. आवाजही ठीक येतो.

(इथे एक सावधगिरी : नव्वदच्या दशकापासून अ‍ॅम्बॅसडरला इसुझूचं १८०० सीसी पेट्रोल इंजिनही मिळू लागलं. त्याचा डिस्ट्रिब्युटर पूर्ण वेगळा. कॉन्टेसाचंही तसंच, सुरुवातीची बी-सिरीजवाली, नंतरची इसुझूवाली. प्रीमियर पद्मिनीचा तर इथे प्रश्नच नाही, ती फियाटची लेक.)

बसणं आणि चालणं यांत फरक आहे तो पोटातल्या वजनांचा आणि स्प्रिंगांचा. तो कळायला डिस्ट्रिब्युटर नक्की काय करतो ते बघावं लागेल.

डिस्ट्रिब्युटरची दोन कामं

पहिलं काम नावातच आहे, वाटप. कॉइलमधून आलेला हजारो व्होल्टचा झटका मधल्या कार्बन ब्रशमधून रोटरवर येतो आणि रोटर तो पाळीपाळीने चार प्लगांना पोचवतो. त्याआधी तो झटका तयार व्हावा म्हणून शाफ्टवरचा चार कोनांचा कॅम कॉन्टॅक्ट पॉइंट उघडतो. पॉइंट मिटलेले असताना कॉइलमध्ये चुंबकीय क्षेत्र साठतं, उघडताच ते कोसळतं आणि ठिणगी पडते. वेग जरा डोळ्यांसमोर आणा. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या दर फेऱ्याला दोन ठिणग्या लागतात. मिनिटाला ६००० फेरे म्हणजे सेकंदाला २०० ठिणग्या, दर पाच मिलिसेकंदांना एक. आणि हे सगळं स्प्रिंगच्या जोरावर मिटणाऱ्या दोन धातूच्या टिकल्यांच्या भरवशावर.

दुसरं काम टोपी काढून बघितलं तरी पटकन दिसत नाही. ते म्हणजे ठिणगीची वेळ बदलत राहणं.

पेट्रोल आणि हवेचं मिश्रण एका क्षणात पेटत नाही, त्याला जळायला वेळ लागतो. समजा दोन मिलिसेकंद लागतात. इंजिन १००० आरपीएमवर असेल तर तेवढ्या वेळात क्रँक १२ अंश फिरते, ५००० वर असेल तर ६० अंश. पिस्टन वर पोचून खाली यायला लागतो त्याच वेळी दाब सगळ्यात जास्त हवा, म्हणजे ठिणगी आधी पडायला हवी, आणि वेग वाढेल तशी आणखी आधी. यालाच ‘अ‍ॅडव्हान्स’ म्हणतात. प्रत्यक्षात ६० अंश लागत नाहीत, कारण वेगाबरोबर सिलिंडरमधली घुसळण वाढते आणि ज्वाळाही वेगाने पसरते. बी-सिरीज इंजिनाला भर वेगात एकूण ३० अंशांच्या आसपास पुरतात.

ही वाढ दोन यंत्रणा करतात. पॉइंटच्या तबकडीखाली दोन वजनं असतात. शाफ्ट फिरला की ती गोफणीतल्या दगडासारखी बाहेर ओढली जातात आणि कॅमला थोडं पुढे ढकलतात. किती वेगाला किती ढकलायचं हे त्यांना धरून ठेवणाऱ्या दोन बारीक स्प्रिंगा ठरवतात. दुसरी यंत्रणा म्हणजे बाजूला लटकणारी बशीसारखी डबी, व्हॅक्यूम युनिट. अ‍ॅक्सिलरेटर थोडाच दाबलेला असतो तेव्हा सिलिंडरमध्ये मिश्रण विरळ असतं आणि हळू जळतं. तेव्हा कार्ब्युरेटरकडून येणारी पोकळी या डबीतला पडदा ओढते आणि आणखी काही अंश मिळतात. खंडाळ्याच्या घाटात अ‍ॅक्सिलरेटर तळाला टेकवला की पोकळी जाते, पडदा सुटतो, ते जादाचे अंश काढून घेतले जातात.

वेग, भार आणि अ‍ॅडव्हान्स यांच्या या नात्याला ‘कर्व्ह’ म्हणतात. डिस्ट्रिब्युटर निवडणं म्हणजे खरं तर कर्व्ह निवडणं. बाकी सगळं, टोपी, रोटर, क्लँप, हे बसण्यापुरतं आहे.

मग अ‍ॅम्बॅसडरचा कर्व्ह एमजीला का चालत नाही?

अ‍ॅम्बॅसडर ही पाच-सहा माणसं आणि टपावर सामान घेऊन, मिळेल त्या पेट्रोलवर चालण्यासाठी जुळवलेली गाडी. एक कार्ब्युरेटर, सौम्य कॅमशाफ्ट, कमी कॉम्प्रेशन. एमजीएला दोन एसयू कार्ब्युरेटर आणि ८.३ : १ कॉम्प्रेशन होतं, एमजीबीला नेहमीच्या इंजिनात ८.८ : १. कमी कॉम्प्रेशनमध्ये मिश्रण हळू जळतं, म्हणून अशा इंजिनाला साधारणपणे जास्त अ‍ॅडव्हान्स लागतो. जास्त कॉम्प्रेशनच्या इंजिनाला तोच दिला तर ठिणगी गरजेपेक्षा आधी पडते. पिस्टन अजून वर येत असतो आणि वरून स्फोटाचा दाब त्याला खाली रेटू लागतो. उरलेलं मिश्रण आपोआप भडकतं. हे ‘नॉकिंग’.

आकड्यांत बघू. लुकासच्या २५डी४ मध्ये कॅमच्या पायथ्याच्या पट्टीवर एक आकडा ठोकलेला असतो, समजा १०. वजनं जास्तीत जास्त किती अंश ढकलू शकतात ते हा आकडा सांगतो, पण डिस्ट्रिब्युटरच्या अंशांत. डिस्ट्रिब्युटर क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून क्रँकवर ते २० झाले. सुरुवातीच्या एमजीबीचं इंजिन बंद ठेवून लावायचं टायमिंग १० अंश. २० आणि १० मिळून ३०. हिशेब जमला.

आता बाजारातून आणलेल्या डिस्ट्रिब्युटरवर १५ ठोकलेलं असेल तर? क्रँकवर ३०, अधिक सुरुवातीचे १०, एकूण ४०. भर वेगात, भर भारात हे १० अंश जादा आहेत. आणि उघड्या स्पोर्ट्स कारमध्ये वाऱ्याच्या आणि सायलेन्सरच्या आवाजात वरच्या वेगातलं नॉकिंग ऐकूच येत नाही. अ‍ॅम्बॅसडरमध्ये निदान टकटक कानावर येते. इथे थेट पिस्टनला भोक पडल्यावर किंवा हेड गॅस्केट गेल्यावर कळतं, आणि मग इंजिनाचं काम निघतं.

अनुभवी मेकॅनिक यावर उपाय करतो : डिस्ट्रिब्युटर थोडा फिरवून टायमिंग मागे घेतो. नॉकिंग थांबतं. पण आता सुरुवातीचे १० अंश शून्यावर आलेले असतात. आयडलिंग जड होतं, क्लच सोडताना गाडी गुदमरते, आणि उशिरा जळणारं पेट्रोल आपली उष्णता एग्झॉस्ट व्हॉल्व्हला आणि पाण्याला देतं. लिंक रोडवर संध्याकाळी सात वाजता पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरकणाऱ्या गाडीचा टेंपरेचरचा काटा मग लाल पट्ट्याकडे जातो, आणि दोष रेडिएटरवर येतो. अशा गाड्यांना नवे रेडिएटर, जादा पंखे, काय काय बसवलं जातं. मूळ दुखणं चार आण्याच्या स्प्रिंगेत असतं.

तेव्हा मथळ्यातल्या प्रश्नाचं उत्तर : अ‍ॅम्बॅसडरची टोपी, रोटर, पॉइंट, कंडेन्सर, क्लँप हे एमजीला चालू शकतात, मॉडेल जुळवून घ्या. त्याचं शरीर आणि शाफ्ट चांगले असतील तर तेही घ्या. पण वजनं, स्प्रिंगा, कॅम आणि व्हॅक्यूम युनिट एमजीचं हवं, किंवा निदान मोजून जुळवलेलं हवं. जुन्या टॅक्सीतून काढलेला असेल तर आणखी संशय धरावा. सीएनजी हळू जळतो, म्हणून त्या गाड्यांचं टायमिंग पुढे घेतलेलं असायचं, आणि कुणी स्प्रिंगांशी काय खेळ केला असेल ते बाहेरून दिसत नाही.

हातातला डिस्ट्रिब्युटर कोणता, हे कसं ओळखायचं?

लुकासच्या अंगावरच जन्मदाखला असतो. बॉडीवर पाच आकडी सर्व्हिस नंबर ठोकलेला असतो आणि शेजारी कितव्या आठवड्यात, कोणत्या वर्षी बनला ते. उदाहरणार्थ ४०८९७ हा सुरुवातीच्या एमजीबीचा नंबर. नंबर कळला की त्या काळच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये कर्व्हचे आकडे मिळतात. व्हॅक्यूम युनिटवरही तीन आकडे असतात. ५-१३-१० असं असेल तर ओढ ५ इंच पाऱ्याच्या पोकळीला सुरू होते, १३ इंचांना पूर्ण होते आणि जास्तीत जास्त १० अंश मिळतात. हेही डिस्ट्रिब्युटरचे, म्हणजे क्रँकवर २०.

मात्र साठ वर्षांत डिस्ट्रिब्युटरचे किती वेळा आतडे-कोथळे काढले गेले असतील सांगता येत नाही. बाहेरचा नंबर एमजीचा आणि आत स्प्रिंगा भलत्याच, हे सर्रास सापडतं. त्यामुळे नंबर ही सुरुवात आहे, पुरावा नव्हे. पुरावा टायमिंग लाइटनेच मिळतो. व्हॅक्यूमची नळी काढून तिचं तोंड बंद करायचं आणि ६००, १०००, १५००, २०००, ३००० आरपीएमला किती अंश येतात ते लिहून काढायचं. पुलीवर एवढ्या खुणा नसतात, आणि जुन्या एमजींमध्ये तर दर्शक काटा खाली, गाडीखाली वाकून बघावा लागेल असा असतो. त्यावर साधा उपाय आहे. पुलीचा व्यास मोजा. समजा १२५ मिलिमीटर असेल तर परीघ साधारण ३९३ मिमी, म्हणजे एका अंशाला १.०९ मिमी. मूळ खुणेपासून ३३ मिमीवर पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला की ३० अंशांची खूण झाली. कोणत्या बाजूला द्यायचा ते इंजिन फिरण्याची दिशा बघून ठरवावं, इथे घाई करून अनेकजण फसतात.

खरंच बदलायची गरज आहे का?

हा प्रश्न सगळ्यात आधी विचारायला हवा, आणि तो सहसा विचारला जात नाही.

समुद्राकाठच्या गाडीत बिघाडाची पहिली जागा टोपी असते. आत ओल धरली की झटका सरळ न जाता टोपीच्या भिंतीवरून वाट काढतो आणि तिथे पेन्सिलीच्या रेघेसारखी काळी रेघ उमटते. एकदा रेघ उमटली की ती पुसून भागत नाही, टोपी बदलावी लागते. रात्री दिवे घालवून इंजिन सुरू ठेवलं तर टोपीवर आणि वायरींवर निळ्या ठिणग्या सरपटताना दिसतात. नवी टोपी घेताना आतले टर्मिनल पितळेचे आहेत का ते बघा. स्वस्त टोप्यांत ते अ‍ॅल्युमिनियमचे असतात आणि खाऱ्या हवेत त्यांच्यावर पांढरी भुकटी धरते. रोटरचंही असंच. हलक्या प्रतीच्या रोटरमध्ये पितळेची पट्टी रिव्हेटने ठोकलेली असते आणि झटका रिव्हेटमधून खाली शाफ्टला जातो. गाडी गरम झाली की बंद, थंड झाली की सुरू, हे त्याचं लक्षण.

कंडेन्सर हा आणखी एक नेहमीचा गुन्हेगार. क्षमता साधारण ०.१८ ते ०.२४ मायक्रोफॅरड, किंमत किरकोळ, पण नवा आणलेला पहिल्याच दिवशी मरतो असे अनुभव मालकांना जगभर येतात. त्याशिवाय २५डी४ मध्ये पॉइंटच्या तबकडीला बॉडीशी जोडणारी एक बारीक वेणीसारखी अर्थ वायर असते. व्हॅक्यूमबरोबर तबकडी हलते, वायर वाकते, आणि वर्षानुवर्षं वाकून आतून तुटते. वरून कापड शाबूत, आत तार गेलेली. पूर्ण डिस्ट्रिब्युटर बदलूनही सुटलेला नसता असा प्रश्न एका वायरीने सुटतो.

व्हॅक्यूम युनिट तपासायला नळी तोंडात धरून हवा ओढावी. तबकडी हलायला हवी आणि जीभ लावून धरली तर तिथेच राहायला हवी. वजनं तपासायला रोटर हाताने फिरवून सोडावा, तो स्प्रिंगेने परत यायला हवा. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीत वजनांच्या खुंट्या गंजून अडकतात, तेव्हा अ‍ॅडव्हान्स एकतर येत नाही किंवा आलेला जात नाही. साफ करून, तेलाचे दोन थेंब सोडून पुष्कळदा भागतं.

हे सगळं ठीक असूनही शाफ्ट आडवा हलत असेल तर मात्र दुखणं खरं. बुश झिजले की कॅम डोलतो, पॉइंटची फट दर कोनाला वेगळी होते आणि चार सिलिंडरांना चार वेगळी टायमिंग मिळतात. टायमिंग लाइटखाली पुलीवरची खूण स्थिर न राहता थरथरते. २५डी४ चा ड्वेल, म्हणजे पॉइंट मिटलेले राहण्याचा कोन, ६० अंशांच्या तीन अंश इकडे-तिकडे हवा. मीटरचा काटा वेगाबरोबर त्याहून जास्त भटकत असेल तर बुशची वेळ झाली.

चार वाटा

पहिली वाट, आहे तोच दुरुस्त करणं. बॉडी आणि शाफ्ट सरळ असतील तर नवा बुश बसवणं हे चांगल्या टर्नरला अवघड काम नाही. बुश तेल शोषणाऱ्या ब्राँझचा असावा, आणि बसवण्याआधी तो रात्रभर तेलात बुडवून ठेवतात. कर्व्ह मूळचा राहतो, गाडीचं रूप राहतं, पैसे कमी जातात. अडचण माणसांची आहे. स्प्रिंगा जुळवून कर्व्ह मोजणारी टेस्ट बेंच असलेले कारागीर आता मोजकेच. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी गेली, तेव्हा पॉइंट घासून फट लावणाऱ्या हातांचं रोजचं कामही गेलं. असा कारागीर सापडला तर ही वाट पहिली, यात शंका नको.

दुसरी वाट, जुन्या डिस्ट्रिब्युटरमध्ये पॉइंट आणि कंडेन्सर काढून इलेक्ट्रॉनिक मॉड्युल बसवणं. अर्ध्या तासाचं काम, बाहेरून काही दिसत नाही, पॉइंटची कटकट संपते. पण मॉड्युल फक्त पॉइंटची जागा घेतं. गंजलेली वजनं आणि ताणलेल्या स्प्रिंगा जशाच्या तशा राहतात. झिजलेल्या डिस्ट्रिब्युटरवर हे बसवणं म्हणजे पडक्या घराला नवं कुलूप.

तिसरी, नवा बनवलेला २५डी किंवा ४५डी धाटणीचा डिस्ट्रिब्युटर. परदेशी दुकानांतून सहज मागवता येतो, दिसायला चकचकीत, किंमत मध्यम. याच्यात बहुतेकदा एकच सरासरी कर्व्ह असतो, दहा वेगवेगळ्या गाड्यांना विकायला सोयीचा. विक्रेत्याला एकच प्रश्न विचारावा : कोणत्या वेगाला किती अंश? आकडे मिळाले आणि मॅन्युअलशी जुळले तर घ्या. ‘सगळ्या एमजींना बसतो’ हे उत्तर आलं तर तो फक्त बसतो एवढंच कळलं.

चौथी, पूर्ण इलेक्ट्रॉनिक. नेदरलँड्सच्या ‘१२३ इग्निशन’सारख्या डिस्ट्रिब्युटरमध्ये वजनं-स्प्रिंगा नसतातच. आत प्रोसेसर असतो, एका प्रकारात बारीक चक्री फिरवून १६ पैकी एक कर्व्ह निवडायचा, दुसऱ्यात फोनवरून हवा तसा आखायचा. सगळ्यात महाग, पण रोज नाही तरी दर रविवारी चालणाऱ्या गाडीला हा तोडगा सगळ्यात निश्चिंत आहे. शिवाय आता पंपावर ई-२० पेट्रोल आहे. इथेनॉलमुळे ऑक्टेन वाढतो पण मिश्रण विरळ होतं, त्यामुळे कार्ब्युरेटरची सुई आणि टायमिंग दोन्ही नव्याने जुळवावं लागतं. साठच्या दशकातले मॅन्युअलमधले आकडे आता पवित्र मानायचं कारण नाही, आणि फोनवर दोन अंश मागे-पुढे करून बघता येणं ही खरी सोय आहे.

इलेक्ट्रॉनिक काहीही घेण्याआधी दोन गोष्टी तपासल्याच पाहिजेत. एमजीए आणि १९६७ पर्यंतच्या एमजीबी ‘पॉझिटिव्ह अर्थ’ होत्या, म्हणजे बॅटरीचं अधिक टोक बॉडीला जोडलेलं. आजची बहुतेक मॉड्युलं उलट जोडणीसाठी असतात. चुकीच्या बाजूने वीज दिली की मॉड्युल क्षणात जातं आणि वॉरंटीही जाते. पॉझिटिव्ह अर्थची आवृत्ती वेगळी मागवावी लागते, किंवा गाडीची जोडणी आधी बदलावी लागते. आपल्याकडे कित्येक गाड्यांची जोडणी आधीच्या मालकाने बदललेली असते, तेव्हा पुस्तकावर न जाता बॅटरीची तार कुठे जाते ते डोळ्यांनी बघावं. दुसरी गोष्ट, सुरुवातीच्या एमजीबीचा आरपीएम मीटर कॉइलच्या वायरीतला प्रवाह ओळखून चालतो. इलेक्ट्रॉनिक इग्निशननंतर तो वेडावाकडा नाचू लागतो किंवा झोपतो. कॉइलही बघा. पॉइंटसाठीच्या साध्या कॉइलचा रोध ३ ओहमच्या आसपास असतो. मॉड्युलला कमी रोधाची कॉइल जोडली आणि गाडी उभी असताना चावी चालू राहिली तर मॉड्युल तापून मरतं.

मॉड्युलला घासकानशी लावता येत नाही. माळशेज घाटात ते गेलं तर गाडी टोइंगवरच. त्यामुळे जुनी पॉइंटची तबकडी, पॉइंट आणि कंडेन्सर जुळवून डिकीत ठेवणारे मालक शहाणे.

ट्रायम्फ स्पिटफायरवाल्यांसाठी एक वेगळी सूचना. तिच्या जुन्या मॉडेल्सवर खरोखरच डेल्को-रेमीचा डिस्ट्रिब्युटर होता आणि आरपीएम मीटरची केबल त्याच्याच पोटातून निघायची. त्या जागी दुसरा बसवला तर केबल लावायला जागाच उरत नाही.

कागदपत्रांचं काय?

जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल होऊन व्हिंटेज गाड्यांची वेगळी नोंदणी सुरू झाली. नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली आणि चासी, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठे बदल न केलेली गाडी ही त्याची अट. डिस्ट्रिब्युटरचा तिथे नावाने उल्लेख नाही, आणि दोन बोल्टने निघणारी वस्तू मोठा बदल ठरावी असं वाटत नाही. तरी रॅलीत मूळपणाला गुण असतात, आणि चाणाक्ष परीक्षक टोपीतून निघणाऱ्या जादा वायरी बघतो. काढलेला मूळ डिस्ट्रिब्युटर, कितीही खिळखिळा असला तरी, भंगारात देऊ नये. तेल लावून, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, सिलिका जेलची पुडी घालून ठेवावा. पुढचा मालक त्यासाठी वेगळे पैसे मोजतो.

बसवल्यानंतर

नवा किंवा दुरुस्त केलेला डिस्ट्रिब्युटर बसवला की पहिल्या दिवशी फक्त गाडी सुरू होईल एवढं टायमिंग लावून थांबू नये. टायमिंग लाइटने पूर्ण कर्व्ह मोजून कागदावर लिहावा आणि तो कागद गाडीतच ठेवावा. पॉइंट असतील तर फट ०.३५ ते ०.४० मिमी. कॅमवर ग्रीसचं बोट, रोटरखालच्या स्क्रूवर तेलाचे दोन-तीन थेंब. जास्त झालं तर ते उडून पॉइंटवर बसतं. आणि ५०० किलोमीटरनंतर पुन्हा उघडावा. पॉइंटची फायबरची टाच सुरुवातीला भराभर झिजते, त्यामुळे फट कमी होते, पॉइंट उशिरा उघडतात आणि टायमिंग हळूच मागे जातं.